१२३४५६७८९८७६५४३२१ : एका सतरा अंकी संख्येची पूर्ण तपासणी

एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप करा, एंटर दाबा आणि वरच्या सूत्रपट्टीत पाहा. तिथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल. शेवटचे दोन अंक गेले, त्यांच्या जागी दोन शून्यं आली आणि इशारा कसलाच नाही. आता समोरच्या आकड्यावर विसंबून कोणी निष्कर्ष काढायला बसला, तर तो म्हणेल की संख्या सम आहे, तिला १०० ने भाग जातो, अंकांची बेरीज ७८ असल्यामुळे ९ ने भाग जात नाही आणि ती पूर्ण वर्ग नाही. खऱ्या संख्येबाबत यातलं एकूण एक विधान खोटं आहे.

म्हणून ही संख्या अभ्यासाला चांगली. ती इतकी मोठी आहे की रोजची साधनं तिच्यापाशी दगा देतात. पण तिची घडण इतकी स्वच्छ आहे की कागद-पेन्सिलीने तिचे सगळे अवयव, सगळे विभाजक आणि तिच्या व्यस्ताचा दशांश विस्तारसुद्धा पक्का काढता येतो.

संख्या वाचायची कशी

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. कोटीच्या भाषेत १,२३,४५,६७,८९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थाननामं घेतली तर एकं, दहं, शतं करत वर जाताना सतरावं घर ‘मध्य’ येतं. परार्ध त्याच्या पुढचं, म्हणजे अठरावं.

उलटसुलट वाचली तरी ती तीच राहते. अंकांची बेरीज : १ ते ८ दोनदा म्हणजे ७२, त्यात मधला ९, एकूण ८१. इथपर्यंत शाळेतलं पोरही पोचतं. पण खरी किल्ली या देखण्या अंकांत नाही, ती या ओळीत आहे :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

नऊ एकांच्या या संख्येला पुढे ‘क’ म्हणू. उभा गुणाकार मांडला की नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ नऊ एकांची आणि आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १, दुसऱ्यात दोन, असं वाढत नवव्या स्तंभात नऊ. पुढे पुन्हा उतरती कळा. कुठल्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येतच नाही आणि चढता-उतरता जिना जसाच्या तसा उत्तरात उमटतो.

हा जिना नवावरच थांबतो. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या स्तंभात दहा येतात, तिथे ० राहून हातचा १ डावीकडच्या नवात जातो. त्याचेही दहा होतात, पुन्हा ० आणि हातचा १, तो आठात मिळून ९. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. ही संख्या उलटी वाचून तीच राहत नाही आणि अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ होते, कारण प्रत्येक हातचा अंकांच्या बेरजेतून ९ खातो आणि इथे हातचे दोन आहेत.

१, १२१, १२३२१, १२३४३२१ या माळेला ‘वंडरफुल डेम्लो’ संख्या म्हणतात. नाव आपल्याकडचंच. डहाणूला जन्मलेले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावरून ते दिलं. त्यांच्या डेम्लो संख्यांचं कुटुंब मोठं आहे. १६५ किंवा २५५३ पाहा : कडेच्या दोन अंकांची बेरीज केली की मधला अंक मिळतो. ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ मुळे कापरेकर जगभर माहीत झाले, पण अवयव पाडण्याच्या कामासाठी डेम्लो संख्याच जास्त रसाळ, असं आमचं मत.

पहिली चाळणी : तीन-तीन अंकांचे गट

मोठी संख्या हाती आली की २, ३, ५, ७ असं एकेकाने भागत सुटण्याआधी तिचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत. एका गटवारीत पाच कसोट्या होतात.

गट : १२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१

आधी सरळ बेरीज. ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७. पुन्हा गट : २ + ९९७ = ९९९. १००० ला ९९९ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून गटांच्या बेरजेची ९९९ ने येणारी बाकी आणि संख्येची बाकी एकच असते. इथे बाकी शून्य. ९९९ = २७ × ३७, तेव्हा संख्येला २७ ने आणि ३७ ने भाग जातो हे एका बेरजेत कळलं.

आता एकाआड एक वजाबाकी. ३२१ – ६५४ + ९८७ – ६७८ + ३४५ – १२ = ३०९. १००१ = ७ × ११ × १३ असल्याने ३०९ ची जी बाकी तीच संख्येची : ७ ने १, ११ ने १, १३ ने १०. तिन्ही बाद.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. अंकांची बेरीज ८१ आली म्हणून ‘संख्येला ८१ ने भाग जातो’ असं लिहून मोकळं होतात. या संख्येला ८१ ने भाग जातो हे खरं, पण ते कारण चूक. अंकांच्या बेरजेची कसोटी फक्त ३ आणि ९ साठी आहे. ९९९९९९९९८१ घ्या. आठ नऊ, मग ८ आणि १, बेरीज ८१. तिला ९ ने भागलं की ११११११११०९ येतात आणि त्यांच्या अंकांची बेरीज १७. म्हणजे दुसऱ्यांदा ९ ने भाग जात नाही, ८१ चा प्रश्नच मिटला. आपल्या संख्येच्या बाबतीत ८१ चं खरं कारण हे की ‘क’ ला ९ ने भाग जातो, आणि ‘क’ इथे दोनदा आहे.

अवयव

वर्ग ओळखला नसता तर काम कसं चाललं असतं, तेही पाहण्यासारखं आहे. ३७ ने भागल्यावर ३३३६६६९९९६६६३३३. पुन्हा ३७ ने : ९०१८०२७०१८००९. मग चार वेळा ३ ने भागून उरतात १११३३३६६६८८९. इथे येऊन गाडं रुततं. यापुढे तीन लाखांपर्यंतच्या कुठल्याही संख्येने भाग जात नाही. ३ पासून एकेका विषम संख्येने भागत राहिलात तर उत्तर १,६६,८३३ व्या भागाकाराला हाती लागतं. यंत्राला हे काहीच नाही, माणसाला अशक्य आहे. म्हणून नियम असा की उरलेल्या संख्येचं आधी वर्गमूळ काढून पाहावं. १११३३३६६६८८९ चं वर्गमूळ ३३३६६७, नेमकं.

वर्ग माहीत असेल तर वाट आणखी छोटी. ‘क’ चे तीन-तीनचे गट पाडा, १११ | १११ | १११. म्हणजेच क = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून

क = ३^२ × ३७ × ३३३६६७

आणि आपली संख्या = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२.

पडताळा तोंडी होतो. ३३३ × ३३३६६७ करताना ३०० पटीचे १००१००१०० आणि ३३ पटीचे ११०११०११ मिळवले की नऊ एक.

३३३६६७ अविभाज्य आहे हे कशावरून?

इथे बहुतेक लेखन हात झटकतं. ‘३३३६६७ ही मूळ (म्हणजे अविभाज्य) संख्या आहे’ एवढं लिहून पुढे जातं. ते सिद्ध करायला ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल, कारण ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४. ५७७ पर्यंत मूळ संख्या आहेत १०६. एकशेसहा भागाकार म्हणजे एक दुपार गेली. पण संख्येच्या घडणीचा उपयोग केला तर सतरा भागाकारांत भागतं.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ लाही, म्हणजे १०^६ + १०^३ + १ लाही भागते. या राशीला १०^३ – १ ने गुणलं की १०^९ – १ मिळतात. तेव्हा प ने भागल्यास १०^९ ची बाकी १. आता १०^३ ची बाकीही १ असती तर १०^६ + १०^३ + १ ची बाकी १ + १ + १, म्हणजे ३, आली असती आणि ती शून्य होण्यासाठी प = ३ च हवा. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तिला ३ ने भाग जात नाही. म्हणून १० चा बाकी १ देणारा सगळ्यात लहान घात ९ आहे, ३ किंवा १ नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार १०^(प–१) ची बाकी १ असते, त्यामुळे ९ ने प – १ ला भाग गेलाच पाहिजे. प विषम, तेव्हा १८ ने.

थोडक्यात, प ला १८ ने भागल्यास बाकी १ हवी. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच आहेत. ३३३६६७ ला त्यांनी भागल्यावर उरणाऱ्या बाक्या अशा :

१९ → ८
३७ → १
७३ → ५७
१०९ → १८
१२७ → ३८
१६३ → ६
१८१ → ८४
१९९ → १४३
२७१ → ६६
३०७ → २६५
३७९ → १४७
३९७ → १८७
४३३ → २५७
४८७ → ७२
५२३ → ५१६
५४१ → ४११
५७७ → १६१

शून्य कुठेच नाही. ३३३६६७ मूळ संख्या आहे, विषय संपला. ही यादी करताना ५५, ९१, २१७, २५३, २८९, ३६१, ४५१, ४६९, ५५९ गाळायला विसरू नये. १८ ने भागून बाकी १ त्यांचीही येते, पण त्या स्वतःच संयुक्त आहेत. २१७ आणि २५३ हमखास फसवतात (७ × ३१ आणि ११ × २३). चुकून त्यांनीही भागून पाहिलं तर बिघडत काही नाही, फक्त वेळ जातो. उलट एखादी मूळ संख्या यादीतून सुटली तर सिद्धता कोसळते.

विभाजक

अवयव हाती आले की बाकीचं काम हिशेबी. विभाजकांची संख्या (४+१)(२+१)(२+१) = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, आणि चढत्या क्रमाने मांडल्यास बरोबर मधला, तेविसावा विभाजक ‘क’ आहे. या ४५ पैकी १२ विभाजक स्वतः पूर्ण वर्ग आहेत.

विभाजकांची बेरीज = १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, संख्येपेक्षा बरेच कमी. म्हणजे ही न्यून संख्या आहे, परिपूर्ण होण्यापासून लांब. संख्येहून लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या किती, याचं उत्तर ५४ × १३३२ × १११३३३३३३२२२ = ८००७९८३९९१९९२०१६. इतक्या मोठ्या गुणाकारांत एखादा अंक हमखास इकडेतिकडे होतो, तेव्हा विभाजकांच्या बेरजेचा ताळा गटांच्या पद्धतीने घ्यावा. ५७९ – ८२७ + ५९२ – २७९ + ९५४ – १८ = १००१. म्हणजे ७, ११ आणि १३ तिन्हींनी भाग जायला हवा. १२१ मध्ये ११ आहे, १४०७ मध्ये ७ आहे, आणि १११३३४०००५५७ साठी ५५७ – ० + ३३४ – १११ = ७८० = १३ × ६०. ताळा जमला.

१ भागिले ही संख्या

या संख्येतला सगळ्यात सुंदर भाग आमच्या मते हा, आणि तो क्वचितच कोणी उघडून दाखवतं.

१०^९ – १ = ९ × क. म्हणून क^२ = (१०^९ – १)^२ ÷ ८१, आणि उलट केलं की

१ ÷ १२३४५६७८९८७६५४३२१ = ८१ ÷ (१०^९ – १)^२

उजव्या बाजूचा विस्तार केला तर दशांश चिन्हानंतर नऊ-नऊ अंकांचे गट येतात आणि त्यांत ८१ चा पाढा सुरू होतो :

०.०००००००००  ०००००००८१  ००००००१६२  ००००००२४३  ००००००३२४ …

प्रत्येक गट नऊच अंकांचा, म्हणजे ८१ च्या आधी सात शून्यं आणि १६२ च्या आधी सहा. दहा अंक दाखवणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ८.१००००००१६ × १०^–१७ इथपर्यंत आणून सोडतो, आणि ‘१६’ म्हणजे अर्धवट कापलेला ८१ × २ आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हा पाढा कुठवर चालतो? ८१ × १२३४५६७८ = ९९९९९९९१८ पर्यंत गट नऊ अंकांत मावतात. पुढचा, ८१ × १२३४५६७९, येतो ९९९९९९९९९, काठोकाठ. त्याच्या पुढचा दहा अंकी होतो, त्याचा हातचा १ या काठोकाठ भरलेल्या गटात पडतो. तो गट शून्य होऊन स्वतःचा हातचा आणखी डावीकडे ढकलतो, आणि ९९९९९९९१८ चे ९९९९९९९१९ होतात. इथून पुन्हा ०, ८१, १६२. म्हणजे एका आवर्तनात १२३४५६७९ गट, प्रत्येकी नऊ अंक. आवर्तनाची लांबी

९ × १२३४५६७९ = १११११११११

संख्येच्या व्यस्ताचं आवर्तन नेमकं तिच्या वर्गमुळाएवढं! १ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… यात ८ का गळतो असं विचारणाऱ्याला जे उत्तर देतात, तेच उत्तर इथे मोठ्या मापात आहे : शेवटी हातचा मागे सरकतो आणि शेवटच्या गटाला एकाने फुगवतो.

आवर्तन याहून लहान नाही, हेही दाखवायला हवं, नाहीतर सिद्धता अर्धी राहते. ‘क’ ने भागल्यास १० च्या घाताची बाकी पहिल्यांदा १ येते ती नवव्या घाताला, कारण १०^८ – १ म्हणजे ९९९९९९९९ हे ‘क’ पेक्षा लहान आहेत. म्हणून आवर्तनाची लांबी ९ च्या पटीत, समजा ९म. आता १०^९ = १ + ९क. याचा म वा घात करून क^२ ने भागलं तर बाकी १ + ९मक, कारण पुढच्या सगळ्या पदांत क^२ आहे. ही बाकी १ व्हायला ९म ला ‘क’ ने भाग जायला हवा. क = ९ × १२३४५६७९, तेव्हा सगळ्यात लहान म म्हणजे १२३४५६७९. पानावर तीन हजार अंक बसवले तरी एकच आवर्तन छापायला सदतीस हजारांवर पानं लागतील.

यंत्र कुठे आणि का चुकतं

सुरुवातीचा एक्सेलचा प्रकार हा तिथल्या नियमाचा परिणाम आहे. तिथे संख्येचे पहिले पंधरा अंक राखले जातात, पुढच्या जागी शून्यं भरली जातात. सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो तोही यामुळेच. उपाय एकच : टाइप करण्याआधी सेलचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा किंवा आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. आधी आकडा भरून नंतर प्रकार बदलला तर गेलेले अंक परत येत नाहीत.

जावास्क्रिप्टमध्ये वेगळंच दिसतं : १११११११११ चा स्वतःशी गुणाकार १२३४५६७८९८७६५४३२०. इथे कारण दुहेरी अचूकतेची द्विमान संख्या. तिच्यात ५३ बिटांचा गाभा असतो, म्हणून २^५३ = ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी बसते. आपली संख्या २^५३ आणि २^५४ यांच्या मध्ये आहे, आणि या पट्ट्यात फक्त सम संख्या बसतात. शेवट ३२१ विषम, दोन्ही बाजूंचे शेजारी ३२० आणि ३२२ सारख्याच अंतरावर. अशा वेळी निम्मी केल्यावर जी सम राहते ती निवडायची असा ठरलेला नियम आहे. ३२० वाली निम्मी केली की शेवटी १६० येतात, ३२२ वालीचे १६१. म्हणून ३२०. अंकांची बेरीज ८० झाली, आणि ३ ने भाग जातो का विचारलं तर यंत्र ठामपणे नाही म्हणतं.

३२ बिटांच्या पूर्णांकाची गोष्ट आणखी वाईट. जावातल्या ‘इंट’ प्रकारात हाच गुणाकार केला की १६५३७३२५२९ मिळतात. ‘इंट’ची मर्यादा २१४७४८३६४७, त्यामुळे गुणाकाराचे वरचे बिट कापले जातात. उत्तर ऋण आलं असतं तर कोणालाही शंका आली असती. हे धन आहे, दहा अंकी आहे, दिसायला सरळ आहे, म्हणून चूक पुढच्या हिशेबात बिनबोभाट शिरते. ६४ बिटांचा ‘लाँग’ घेतला की अडचण नाही, पण गुणाकार करायच्या दोन्ही संख्यांपैकी निदान एक आधीच ‘लाँग’ असावी. ‘इंट’ची ‘इंट’शी गाठ घालून उत्तर ‘लाँग’मध्ये ठेवलं तर कापाकापी आधीच होऊन गेलेली असते.

पायथॉनमध्ये पूर्णांकांना लांबीची मर्यादा नाही, तिथे गुणाकार बरोबर येतो. मात्र ‘पूर्ण वर्ग आहे का’ हे मॅथ मॉड्यूलमधल्या नेहमीच्या वर्गमुळाने तपासायला गेलात की फसलात. ते फंक्शन आधी पूर्णांकाचं तेच ५३ बिटांचं दुहेरी अचूकतेचं रूप करतं. शेवटी ३१९, ३२०, ३२१ आणि ३२२ असलेल्या चार लागोपाठच्या संख्या दिल्या तरी चौघांचं वर्गमूळ १११११११११.० हेच छापलं जातं. चौघांतली पूर्ण वर्ग एकच. पायथॉन ३.८ पासून पूर्णांकांचं वर्गमूळ काढणारं वेगळं फंक्शन (आय-एस-क्यू-आर-टी) आहे. ते वापरावं आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करून मूळ संख्येशी जुळवावा. या दुसऱ्या पायरीशिवाय तेही अपुरंच, कारण ३२२ वाल्या संख्येलाही ते १११११११११ च देईल.

त्रिकोण

शेवटी भूमितीकडे, कारण ४५ विभाजकांचा सगळ्यात चांगला उपयोग तिथे आहे.

कर्ण ‘क’ असलेला, पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण किती प्रकारे काढता येईल? कर्णाच्या मूळ अवयवांपैकी ४ ने भागल्यास बाकी १ देणारे तेवढेच कामाचे. ३ ची बाकी ३, ३३३६६७ चीही ३, फक्त ३७ ची बाकी १. तेव्हा त्रिकोण एकच : १२, ३५, ३७ या त्रिकुटाला ३००३००३ ने गुणून आलेला. बाजू ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५, कर्ण १११११११११.

‘क’ ही काटकोनाची बाजू असेल तर मात्र रांग लागते. कर्ण आणि दुसरी बाजू यांची वजाबाकी गुणिले बेरीज म्हणजे क^२, आपली संख्या. तिच्या ४५ विभाजकांपैकी ‘क’ सोडला की ४४ उरतात, त्यांच्या २२ जोड्या. सगळे विभाजक विषम असल्यामुळे प्रत्येक जोडीच्या बेरजेला आणि वजाबाकीला २ ने भाग जातो, त्यामुळे एकही जोडी वाया जात नाही. बावीस त्रिकोण. सगळ्यात लहान मिळतो ३७०३७०३७ आणि ३३३३३३३३३ या जोडीतून : १११११११११, १४८१४८१४८, १८५१८५१८५. ओळख पटली असेल, ३, ४, ५ ला ३७०३७०३७ ने गुणलेले. सगळ्यात मोठा येतो १ आणि संख्या स्वतः या जोडीतून, दुसरी बाजू ६१७२८३९४९३८२७१६० आणि कर्ण त्याहून फक्त एकाने मोठा, ६१७२८३९४९३८२७१६१.

हा शेवटचा त्रिकोण पडताळताना बाजूंचे वर्ग करू नयेत. दोन्ही संख्या २^५३ च्या आत आहेत, म्हणून जावास्क्रिप्टमध्येही त्या नेमक्या साठतात, पण त्यांचे वर्ग बत्तीस अंकी होतात आणि वजाबाकीला काही अर्थ उरत नाही. वजाबाकी १ आणि बेरीज १२३४५६७८९८७६५४३२१ एवढं कागदावर करून त्यांचा गुणाकार घेतला की पडताळा झाला.